नाजिमाचा चेहरा

आमच्या पेठेत एखादी बाई गेली की एक फोन कबरस्तानात जातो आणि एक मला येतो. मी कमरजहां. माझं वय चौसष्ट, गुडघ्यांचं ऐंशी. मी मय्यतीला गुस्ल देते, म्हणजे गेलेल्या बाईला शेवटची आंघोळ घालते. बाईला ती बाईनेच घालायची असते. आधी माझी सासू हे काम करायची, तिच्याकडून ते माझ्याकडे आलं, त्यालाही चाळीस वर्षं झाली. माझ्याकडून पुढे न्यायला अजून कुणी तयार नाही. आमच्या घरात दखनी बोलतात. पण मी सातवीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, आणि एखादी गोष्ट सरळ सांगून टाकायची असली की मला मराठीच बरी पडते.

कोमट पाणी, बोरीची पानं, कापूर, कफनाचे पाच कपडे, हे चार वेळा पाहिलं की कुणालाही जमतं. अवघड असतं ते नंतरचं. आत जे दिसलं ते आतच ठेवायचं. चांगलं दिसलं तर सांगावं, वाईट दिसलं तर झाकावं, जो मेलेल्याचं झाकेल त्याचं अल्लाह झाकेल. सासूने पहिल्याच दिवशी मला हे सांगितलं आणि वर म्हणाली, "तुझं तोंड बघता तुला हेच जड जाईल." सासूला माणसं कळायची.

जिवंत माणसांबद्दल मी बोलते, हे कबूल. कुणाची सून दोन महिने माहेरी का राहिली, कुणाच्या मुलाचं जमलेलं लग्न का फिसकटलं, हे माझ्याकडे पेपरच्या आधी येतं. पण आतलं मी कधी बोलले नाही. अगदी घरच्यांशीसुद्धा नाही. अभिमान वाटावा अशी ती एकच गोष्ट माझ्याजवळ होती.

लोक मात्र विचारतातच. कफन बांधून मी हात धुते न धुते तोच कुणीतरी जवळ येऊन हळूच म्हणतं, "आपा, चेहरा कसा होता?" आमच्याकडे समजूत अशी की भल्या माणसाच्या चेहऱ्यावर मेल्यावर नूर येतो, तेज येतं, आणि ज्याचं अल्लाहकडे काही बिनसलं असेल त्याचा चेहरा काळवंडतो. मी प्रत्येकीच्या बाबतीत एकच उत्तर देत आले, "माशाल्ला, नूर होता." गेलेली बाई भांडकुदळ असो, सुनेला उपाशी ठेवणारी असो, माझं उत्तर ठरलेलं. लग्नाच्या जेवणाला आपण कसं 'छान होतं' म्हणतो, तसंच ते.

नाजिमाच्या वेळी मी ते म्हणाले नाही.

नाजिमा आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायची. नवरा लवकर गेला, तिने ब्लाऊज शिवून मुलीला शिकवलं. मुलगी मिसबा, पंचवीसची, बिबवेवाडीच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. नाजिमाच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, अशी चार वर्षं तिने काढली. त्या दुखण्यात माणसाची कातडी काळी पडत जाते. हे मला माहीत होतं. पुढचं सगळं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, की मला माहीत होतं.

आणि ती आजारी पडायच्या आधीची एक गोष्ट होती. तिच्या घरी आम्ही सात-आठ जणी बसलो होतो. मी कुणाच्या तरी सुनेची हकिकत सांगायला घेतली होती, चांगली रंगात आली होती. नाजिमा उठली, माझ्यासमोर आली आणि माझ्या हातातला कप काढून घेतला. कपात अर्धा चहा होता. "कमरआपा, चहा संपला," ती म्हणाली आणि कप आत घेऊन गेली. बायका हसल्या. मीही हसले. पण तो अर्धा कप मी पाच वर्षं मनात धरून ठेवला. भांडायला जागा नव्हती, कारण चूक माझी होती, आणि चूक आपली असली की राग जास्त टिकतो.

ती गेली तेव्हा गुस्ल मीच दिला. मिसबाला आत येऊ दिलं नाही. तिची पाळी चालू होती आणि तशा वेळी बाईने गुस्लला हात लावू नये असं आमच्यात मानतात. ती दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. नंतर सगळ्यांसारखंच तिनेही कफनातून चेहरा तेवढा पाहिला. मी माझं काम नीट केलं. त्या दिवशी माझ्या मनात काही नव्हतं, निदान मला तसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी जियारत होती, गेलेल्या माणसासाठी दुआ मागायची बैठक. आम्ही बायका चादरीवर बसून हरभऱ्याच्या दाण्यांवर, एकेका दाण्याला एक, असा कलमा पढत होतो. शेजारी तन्वीरची आई बसली होती. हिच्या कानात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मोमीनपुऱ्यात पोचते. तिने माझ्याकडे झुकून विचारलं, "आपा, चेहरा कसा होता?" आजूबाजूच्या चार जणींचे हात थांबले. मिसबा स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचे पेले घेऊन उभी होती. ती मला दिसलीच नाही, असं मी पुढे खूप दिवस स्वतःला सांगितलं. मी हातातला दाणा खाली ठेवला, उसासा टाकला आणि म्हणाले, "अल्लाह तिला माफ करो."

बस्, एवढंच. एक वाईट शब्द नाही. मौलवीसाहेबांनी ऐकलं असतं तर आमीन म्हणाले असते. उद्या कुणी जाब विचारलाच तर मी सांगू शकत होते, मी तर दुआ केली. पण जी बाई चाळीस वर्षं सगळ्यांना नूर वाटत आली, तिने एकीसाठीच माफी मागितली, तर त्याचा अर्थ लहान पोरालाही कळेल. तन्वीरच्या आईने तोबा तोबा करत गालांना हात लावले. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. पाच वर्षांपूर्वीचा तो कप कुणीतरी माझ्या हातात परत दिल्यासारखं वाटलं.

महिनाभर मी त्या गल्लीत फिरकले नाही. मग एका सकाळी हेमाताई आल्या. हेमाताई नाजिमाच्या खालच्या मजल्यावर राहतात, शाळेतून निवृत्त झाल्यात. मिसबाला रजा नसली की त्याच रिक्षा करून नाजिमाला डायलिसिसला न्यायच्या. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"बसायला आले नाही," त्या म्हणाल्या. "एक विचारायचं होतं. तुमच्यात मेलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघून काही कळतं का हो?"

"का बरं?"

"मिसबा काल जिन्यात चक्कर येऊन पडली. सत्तावीस दिवस रोजे धरतेय. रमझान नाही, काही नाही. कामावर जात नाही. आईवर अजाब होतोय म्हणते. अजाब म्हणजे काय ते मला विचारून घ्यावं लागलं. कबरीत शिक्षा होत असते म्हणे, आणि ही इथे उपाशी राहून ती कमी करतेय."

"तिला कुणी सांगितलं असं?"

"आंघोळ घालताना दिसलं म्हणे. चेहरा काळाठिक्कर पडला होता, डोळे मिटत नव्हते, मानेवर वळ होते. कुणी पाहिलं ते काही ती सांगत नाही. मी म्हटलं, आंघोळ घालणाऱ्या बाईलाच विचारून यावं. चहा टाकू नका, मी घेऊन आलेय."

वळ. डोळे. मी यातलं काही बोलले नव्हते. मी फक्त उसासा टाकला होता, बाकीचं बायकांनी आपापल्या घरून आणून घातलं होतं. हेमाताई गेल्या तरी मी दारातच उभी होते.

आमचे हे, रज्जाक, आयुष्यभर रिक्षांच्या सीटा शिवत आले. अजूनही एखादी सीट घरी आणून शिवत बसतात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "चाळीस वर्षं मय्यत धुतेयस. तुझं तोंड तेवढं धुवायचं राहिलं."

"मी दुआ केली होती," मी म्हणाले.

"मग आता हेमाताईंना हाक मार आणि सांग तसं."

मी हाक मारली नाही. आमच्यात गीबतीला, पाठीमागे वाईट बोलण्याला, मेलेल्या भावाचं मांस खाणं म्हणतात. लहानपणापासून ऐकत आले होते, कानावरून जात होतं. त्या दिवशी भाकरी ताटात घेतली आणि ते आठवलं. मी तर मेलेल्या बहिणीला आधी आंघोळ घातली, कापूर लावला, आणि मग खाल्लं. मला जेवण गेलं नाही. नमाज बुडाली तर अल्लाहची माफी मागता येते आणि तो देतो. माणसाला दुखवलं तर तो म्हणतो, आधी त्या माणसाकडे जा. ते माणूस कबरीत असलं तर कुठे जायचं?

"जिथे बोललीस तिथे जाऊन चांगलं बोल," हे म्हणाले. "तेवढं तर आपल्या हातात आहे."

दर गुरुवारी तन्वीरच्या आईकडे बायका कुराण पढायला बसतात. जियारतला होत्या त्यातल्या जवळजवळ सगळ्या तिथे असतात. त्या गुरुवारी मी गेले. पढून झालं, चहा आला, आणि मी म्हणाले, "एक सांगायचं होतं. नाजिमाचा चेहरा चांगला होता. माशाल्ला, नूर होता."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. तन्वीरच्या आईने माझा हात हातात घेतला. "आपा," ती म्हणाली, "किती झाकाल? तुमच्यासारखं मन सगळ्यांना मिळत नाही." दोघी-तिघींनी मान हलवली. एकीच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

तेव्हा मला कळलं की मी कशात अडकलेय. झाकणं हे माझं काम, सगळ्यांना ते माहीत होतं, म्हणून मी चांगलं बोलले तरी ते कुणाला खरं वाटणार नव्हतं. वाईट मात्र एका उसाशात खरं झालं होतं. आणि मी जितकं चांगलं बोलेन तितकी मी मोठी होणार होते आणि नाजिमा आणखी काळी. घरी निघून जावंसं वाटलं. गुडघे दुखत होते, कंटाळा आला होता, या वयात स्वतःची लाज स्वतःच्या हाताने काढायची याचा वीट आला होता.

"झाकत नाहीये," मी म्हणाले. "तेव्हा मी खोटं बोलले. पाच वर्षांपूर्वी तिने माझ्या हातातून कप काढून घेतला होता, तुमच्यातल्या तिघी तिथे होत्या, हसल्या होत्या. तो राग मी काढला. चेहरा डायलिसिसने काळा पडला होता, ते मला माहीत होतं. वळ नव्हते. डोळे मिटलेले होते."

"पण आपा, तुम्ही तर दुआ केली होती," तन्वीरची आई म्हणाली.

"ती दुआ नव्हती. तुम्हालाही कळलं होतं ती दुआ नाही म्हणून."

कोपऱ्यातल्या एका तरुण बाईने विचारलं, "मग आमच्या अम्मीच्या वेळी तुम्ही म्हणाला होता की नूर होता, ते?"

"होता," मी म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ते खरं वाटलं की नाही, अल्लाह जाणे. एका चेहऱ्याचं निस्तरायला गेले आणि बाकीच्या सगळ्या चेहऱ्यांवर शंका सोडून आले.

शनिवारी आमच्या मागच्याच गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई गेल्या. मला फोन आला नाही. कोंढव्याहून कुणालातरी बोलावून घेतलं, असं दुपारी कळलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही टोचून बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

त्याच दुपारी मी मिसबाकडे गेले. तीन मजले चढताना चार ठिकाणी थांबले. दार उघडंच होतं. ती खिडकीजवळ बसली होती, शिवणयंत्राला टेकून. गाल आत गेले होते, ओठ सुकले होते. मला पाहून उठली, पदर डोक्यावर घेतला.

"या खाला," मावशीला म्हणतात तसं ती म्हणाली.

वाटेत खूप जुळवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. गुरुवारी बोलले तेच पुन्हा बोलले. कप, राग, उसासा. तिने मधे एकदाही अडवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "मला ऐकू आलं होतं. मी दारात होते."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"कातडी का काळी पडते तेही मला माहीत होतं, खाला. तिचे सगळे रिपोर्ट मी वाचायचे. लॅबमध्ये पेशंटच्या नातेवाइकांना मीच समजावते की घाबरू नका, हे होतं. पण तुम्ही तसं म्हणालात, तेव्हा वाटलं, मला दिसत नाही ते तुम्हाला दिसलं असेल. तुम्ही इतके चेहरे पाहिलेत."

यावर माझ्याकडे एकच खरी गोष्ट उरली होती, आणि ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नव्हती. "मिसबा, नूर मी कधी पाहिलाच नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. अल्लाह ज्याला दाखवत असेल त्याला दाखवत असेल. मला मेलेलं माणूस दमलेलं दिसतं, बस्. भली बाई असो, वाईट असो, सगळ्या दमलेल्या दिसतात. तुझी अम्मीही दमलेली दिसत होती."

तिने विचारलं, "पाणी कोमट होतं?"

"हो. कोपर बुडवून पाहिलं होतं, तान्ह्या बाळाचं बघतात तसं."

"डायलिसिसनंतर तिला फार थंडी वाजायची."

"आम्ही खिडकी बंद केली होती. तिच्या नखांवर मेंदीचा जुना रंग होता, अर्धा उतरलेला."

"ईदला मी लावली होती."

"सुई धरायच्या बोटाला घट्टा होता. ते बोट मी तीनदा धुतलं." हे मात्र मी बनवून सांगत नव्हते. खरंच धुतलं होतं. का धुतलं होतं ते मला माहीत नाही. हात तिचे चांगले होते, त्यांचं माझ्याशी काही वैर नव्हतं.

मिसबा रडायला लागली. आवाज न करता, तोंडावर पदर धरून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्या हाताचा मला भरवसा वाटेना.

थोड्या वेळाने ती उठली आणि आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. ती चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली, एक माझ्यासमोर ठेवला आणि दुसरा स्वतः घेतला. मगरीबला, म्हणजे रोजा सोडायच्या वेळेला, अजून तीन तास होते. फर्ज नसलेला, आपणहून धरलेला रोजा पाहुण्यासाठी सोडता येतो. तिने बिस्मिल्ला म्हणून एक घोट घेतला. मला वाटलं, सुटले.

"माझ्यापुरतं मी माफ केलं, खाला," ती म्हणाली. "अम्मीचं मला करता येणार नाही. तो हक्क तिचा आहे."

"माहीत आहे."

"ती करेल की नाही, मला सांगता येत नाही." ती कपाकडे बघत म्हणाली. "पण एक तुम्हाला माहीत असावं. शेवटच्या महिन्यात तिने सगळं सांगून ठेवलं होतं, कफन कुठे आहे, कुणाला कळवायचं. म्हणाली, गुस्लला कमरआपांनाच बोलव. मी म्हटलं, त्या फार बोलतात अम्मी, दुसऱ्या कुणाला बोलवू. तर म्हणाली, बोलतात त्या जिवंत माणसांचं. मेलेल्यांचं त्या कधी बोलल्या नाहीत. माझं झाकतील."

मी कप खाली ठेवला. मला तिथून उठायचं होतं. खिडकीखाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती.

माझ्या कपात अर्धा चहा उरला होता. मिसबाने तो पाहिला. हात पुढे करून तिने कप माझ्याकडे सरकवला.

"संपवा, खाला," ती म्हणाली. "तीन मजले उतरायचेत तुम्हाला."